सदोष मोटार आणि ग्राहकाचे कायदेशीर हक्क : प्रस्तावना

नव्या मोटारीत दोष निघाला तर ग्राहकाला कायद्याने मुख्यतः चार गोष्टी मागता येतात : दोष काढून मिळणे, गाडी बदलून मिळणे, किंमत व्याजासह परत मिळणे आणि झालेल्या नुकसानीची व मनस्तापाची भरपाई मिळणे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३९ मध्ये या मागण्या एकाखाली एक दिल्या आहेत आणि वाचताना त्या सारख्याच वजनाच्या वाटतात. निकालांत तसे दिसत नाही. दुरुस्तीचा आदेश सहज होतो, थोडीफार भरपाईही बहुधा मिळते. गाडी बदलून किंवा पैसे परत मिळवणारे तक्रारदार थोडेच. याचे मूळ कायद्याच्या उणिवेत कमी आणि पुराव्याच्या प्रश्नात अधिक आहे. गाडी वारंवार बिघडते हे दाखवणे सोपे. ती कारखान्यातूनच सदोष बाहेर पडली हे दाखवणे अवघड. या विषयावरचे बहुतेक खटले याच दोन विधानांमधल्या अंतरात अडकलेले असतात.

पुराव्याआधी प्रश्न येतो तो तक्रार कुठे करायची हा. उदाहरणार्थ, सांगली-मिरज रस्त्यालगतच्या विश्रामबागेतील ग्राहक गाडी कुठून घेतो? कधी सांगलीच्या शोरूममधून, कधी रंग किंवा मॉडेल लवकर मिळते म्हणून कोल्हापूर किंवा पुण्याहून. उत्पादक कंपनीचे मुख्य कार्यालय तर आणखी दूर, बऱ्याचदा महाराष्ट्राबाहेर. १९८६ च्या जुन्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार कुठे करायची हे विक्रेत्याचे कार्यालय किंवा शाखा कुठे आहे आणि तक्रारीचे कारण कुठे घडले यावर ठरत असे. पुण्याच्या डीलरशी भांडायला पुण्याला खेटे घालावे लागत, आणि चार-पाच तारखांनंतर बरेच लोक नाद सोडून देत. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने हा अडसर काढला. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही आता तक्रार दाखल होते. गाडी कुठूनही घेतली तरी विश्रामबागेतील ग्राहकाला सांगली जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगापुढे जाता येते. सुनावणीला व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हजर राहण्याची विनंतीही करता येते.

कोणत्या आयोगाकडे जायचे हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, गाडीसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते. डिसेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० लाखांपर्यंतचे व्यवहार जिल्हा आयोगाकडे, ५० लाख ते २ कोटींपर्यंतचे राज्य आयोगाकडे आणि त्यावरचे राष्ट्रीय आयोगाकडे जातात. सर्वसामान्य कुटुंबाची गाडी त्यामुळे जिल्हा आयोगाच्याच कक्षेत येते. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले तेही एका मोटारीच्याच प्रकरणात. गाडीला आग लागून पती दगावलेल्या एका महिलेने पन्नास कोटींहून अधिक भरपाई मागितली होती. एवढा मोठा दावा जिल्हा आयोगापुढे चालवावा लागणे अन्यायाचे आहे, असे तिचे म्हणणे होते. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तरतूद वैध ठरवली. कायद्याच्या दृष्टीने निर्णय सुसंगत असेल, पण जिवाची किंमत गाडीच्या किमतीवरून मोजल्यासारखे वाटते, ही टोचणी त्याने जात नाही.

ग्राहक म्हणून दाद मागण्याची ही सोय फार जुनी नाही. १९८६ पूर्वी सदोष मालाबद्दल दिवाणी न्यायालयात जाणे हाच मुख्य मार्ग होता. वस्तू ज्या कामासाठी घेतली त्या कामाला ती योग्य असली पाहिजे, असे १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम १६ आजही सांगते. पण त्यासाठी वकील, न्यायालय शुल्क आणि अनेक वर्षांची तयारी लागे. त्या काळात बाजारात मोटारींचे प्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि नोंदणी केल्यावर गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. मिळालेल्या गाडीत खोट काढण्याची हिंमत करणार कोण? ग्राहकांनी एकत्र यावे हा विचार महाराष्ट्रात लवकर रुजला. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि तिच्या उभारणीत गायक-संगीतकार सुधीर फडके यांचाही हात होता. संसदेने केलेल्या ग्राहक संरक्षण कायद्याला २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हणून त्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक दिन पाळला जातो.

आयोगापुढे पहिला आक्षेप असतो तो तक्रारदार मुळात ‘ग्राहक’ आहे की नाही, हा. नफ्यासाठी, व्यापारी उपयोगासाठी वस्तू घेणारा या कायद्याखाली ग्राहक ठरत नाही. मात्र स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः राबण्यासाठी घेतलेली वस्तू यातून वगळलेली आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रिक्षाचेच उदाहरण दिले : रिक्षा घेऊन ती स्वतः चालवून पोट भरणारा ग्राहक आहे. मिरज स्टेशनबाहेर स्वतःची टॅक्सी चालवणारा त्यामुळे आयोगाकडे जाऊ शकतो. दहा गाड्या भाड्याने लावून ड्रायव्हर ठेवणाऱ्याची वाट अवघड होते. हळदीच्या पेढीने किंवा खासगी कंपनीने मालकाच्या वापरासाठी घेतलेल्या गाडीचे काय? जुलै २०२४ मध्ये मर्सिडीज गाड्यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गाडी कंपनीच्या नावावर आहे एवढ्याने ती व्यापारी ठरत नाही. तिचा नफा कमावण्याच्या कामाशी थेट संबंध आहे का, ते पाहावे लागते. शिवाय खरेदीदाराच्या संमतीने गाडी वापरणारी व्यक्तीही ग्राहकच असते. वडिलांच्या नावावरची गाडी चालवणाऱ्या मुलाला किंवा मुलीला वेगळे कारण शोधावे लागत नाही.

आता दोषाकडे. कायद्यातील ‘दोष’ ही व्याख्या बरीच ऐसपैस आहे : कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याने दिलेल्या ग्वाहीप्रमाणे जी गुणवत्ता, प्रमाण किंवा दर्जा असायला हवा, त्यात राहिलेली कोणतीही उणीव म्हणजे दोष. या व्याख्येत दार नीट न लागण्यापासून ब्रेक न लागण्यापर्यंत सगळे बसते. परंतु गाडी बदलून द्या किंवा पैसे परत करा असे म्हटले की आयोग याहून कडक कसोटी लावतो : दोष उत्पादनातला, मुळातला आहे का? मारुती उद्योगच्या २००६ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीची अट तिच्या शब्दांप्रमाणे वाचली. कंपनीने सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचे वचन दिले होते, आख्खी गाडी बदलण्याचे नव्हे. क्लच खराब असेल तर क्लच बदला, हा त्या निकालाचा साधा अर्थ, आणि तेव्हापासून प्रत्येक कंपनीच्या लेखी जबाबात तो हटकून येतो. फियाटच्या इंजिनातून येणाऱ्या आवाजाबद्दलच्या २०१० च्या प्रकरणात त्याच न्यायालयाने ग्राहकासाठी दार थोडे उघडे ठेवले : स्वतंत्र तज्ज्ञाला उत्पादनातला मूळ दोष आढळला तर पूर्ण किंमत परत करावी.

अमेरिकेतील राज्यांत यासाठी वेगळे कायदे आहेत. कनेक्टिकटने १९८२ मध्ये पहिला केला. त्यांत ठरावीक वेळा दुरुस्ती करूनही तोच दोष राहिला, किंवा गाडी ठरावीक दिवस गॅरेजातच पडून राहिली, की ती सदोष मानली जाते. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात सदोष वस्तू पहिल्या ३० दिवसांत परत करून पैसे मागता येतात. भारतात अशी मोजपट्टी नाही; तिसऱ्या दुरुस्तीनंतर गाडी आपोआप सदोष ठरते, ही समजूत चुकीची आहे. एकच बिघाड पुन्हा पुन्हा होणे हा वजनदार पुरावा खरा, पण शेवटी तो पुरावाच.

सगळ्यात निर्णायक भाग म्हणजे तज्ज्ञाचा अहवाल. योग्य चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोगाने ती वस्तू ‘समुचित प्रयोगशाळे’कडे पाठवावी, असे कलम ३८ म्हणते. पिठाचा नमुना सीलबंद करून पाठवता येतो, मोटार कशी पाठवणार? त्यामुळे व्यवहारात आयोग तज्ज्ञ नेमतो, गाडी दोन्ही पक्षांसमक्ष तपासली आणि चालवून पाहिली जाते आणि अहवाल दाखल होतो. चाचणीचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागते. प्रयोगशाळेच्या व्याख्येत सरकारी मान्यतेच्या संस्थांबरोबर सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थाही येतात. पुण्याची, १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही या क्षेत्रातील सर्वांत परिचित संस्था. पण प्रत्येक तक्रारीसाठी पुणे गाठण्याची गरज नाही. अनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या यांत्रिकी विभागाचे नावही तक्रारदाराला सुचवता येते, ते स्वीकारायचे की नाही हे आयोग ठरवतो. विश्रामबागेत असे महाविद्यालय दारातच आहे. १९४७ मध्ये सुरू झालेल्या आणि १९५५ मध्ये वालचंद हिराचंद यांचे नाव मिळालेल्या या संस्थेचा मोटारीशी संबंध केवळ अभ्यासक्रमापुरता नाही : ज्यांचे नाव तिला आहे त्या वालचंदांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे प्रीमियर पद्मिनी बाहेर पडत राहिली.

ओळखीच्या मेकॅनिकचे पत्र जोडून तक्रार दाखल करणे ही फार आढळणारी चूक आहे. मेकॅनिक कितीही अनुभवी असला तरी कंपनीचा वकील त्याची पात्रता, त्याने वापरलेली साधने आणि गाडी उघडताना कंपनीचा माणूस हजर होता की नव्हता, हे तीन प्रश्न विचारतो, आणि पत्राचे वजन उरत नाही. त्यात बाहेरच्या गॅरेजात इंजिन खोलले असेल तर वॉरंटीही हातची जाते. तज्ज्ञ नेमण्याचा अर्ज तक्रारीबरोबरच द्यावा, कारण वेळ जातो तशी गाडी धावत राहते आणि ‘इतके हजार किलोमीटर चालली, मग दोष कसला?’ या बचावाला आयते बळ मिळते.

अहवालाच्या खालोखाल महत्त्व जॉब कार्डाला. सर्व्हिस सेंटरचा सल्लागार ग्राहकाची तक्रार स्वतःच्या ठरीव शब्दांत लिहितो : ‘नॉइज चेक करणे’, ‘पिकअप कमी’. गाडी परत देताना ‘तपासले, ओके’ असा शेरा पडतो. दोन वर्षांनी आयोगापुढे हेच कागद बोलतात, आणि त्यांवर उतारावर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते असे कुठेच लिहिलेले नसते. तक्रार आपल्या शब्दांत, तारीख आणि किलोमीटरसह लिहून घेणे, गाडी किती दिवस आत राहिली याची नोंद ठेवणे आणि प्रत्येक भेटीनंतर कंपनीला ईमेल करणे, ही कामे कंटाळवाणी आहेत, पण वकिलाच्या युक्तिवादापेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो. कर्जाचा हप्ता थांबवून कंपनीला धडा शिकवण्याचा प्रयत्न मात्र उलटतो; बँक या भांडणात पक्षकार नसते आणि थकलेल्या हप्त्याची नोंद ग्राहकाच्याच नावावर चढते.

तक्रार कोणाविरुद्ध करायची, डीलर की उत्पादक? दोघांनाही जाबदार करण्याची पद्धत आहे आणि ती शहाणपणाची आहे, पण दोघांची जबाबदारी एकच नसते. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ च्या मॉडेलऐवजी २००९ सालची, आधीच काही शे किलोमीटर धावलेली गाडी देण्यात आली होती. जिल्हा मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत सर्वांनी डीलर आणि टाटा मोटर्स या दोघांना जबाबदार धरले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मोकळे केले : डीलर कंपनीकडून गाडी विकत घेऊन पुढे विकतो, त्यांच्यातले नाते मालक आणि दलालाचे नाही, डीलरच्या लबाडीची कंपनीला माहिती होती हे दाखवल्याशिवाय तिला त्यात ओढता येणार नाही. डीलरची जबाबदारी तशीच राहिली. म्हणून गाडी ताब्यात घेतानाच किलोमीटरचा आकडा, चासी क्रमांक आणि कागदांवरचा उत्पादनाचा महिना-वर्ष पडताळून पाहावे. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुधा गाडीच्या कंपनीची नसते, त्या-त्या उत्पादकाची असते, हेही वॉरंटीच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत छापलेले सापडते.

दोषामुळे अपघात झाला, कोणी जखमी झाले किंवा दगावले, तर मामला ‘उत्पादन दायित्वा’च्या प्रकरणात जातो. हे सहावे प्रकरण २०१९ च्या कायद्यात नव्याने आले. उत्पादनातला दोष, आराखड्यातला दोष, ठरलेल्या मानकांपासून फारकत आणि धोक्याबद्दल पुरेशा सूचना न देणे, या सर्वांसाठी उत्पादक जबाबदार ठरतो. सर्व्हिस सेंटर आणि विक्रेता यांच्यासाठी स्वतंत्र कलमे आहेत. इथे एक बारकावा सहज निसटतो. या प्रकरणातील ‘हानी’त खुद्द सदोष वस्तूचे नुकसान धरलेले नाही. माणसाला इजा झाली तर हे प्रकरण. गाडीच भंगार निघाली तर कलम ३९ ची नेहमीची वाट.

एअरबॅगबाबतचा ह्युंदाईचा निकाल या संदर्भात वाचण्यासारखा आहे. २०१५ मध्ये घेतलेल्या क्रेटाला २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर अपघात झाला आणि एअरबॅग उघडल्याच नाहीत. धडक पुरेशा जोराची नव्हती, असा कंपनीचा बचाव होता. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. वेग आणि बल यांचे गणित मांडून मग एअरबॅगची अपेक्षा करायला ग्राहक भौतिकशास्त्रज्ञ नसतो, असा त्या निकालाचा आशय आहे. गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला, भरपाईही कायम राहिली. तज्ज्ञाच्या अहवालाविना ग्राहक जिंकल्याचे हे उदाहरण आहे, पण त्याच्या भरवशावर अहवाल टाळता येईल असे नाही. तिथे घटनाच बोलकी होती. गिअर अडकण्याच्या किंवा ॲव्हरेज न मिळण्याच्या तक्रारीत घटना इतकी बोलकी नसते.

एकच दोष हजारो गाड्यांत असतो तेव्हा एकेकाने लढण्यात अर्थ नाही. कंपन्या काही वेळा स्वतःच गाड्या परत बोलावतात. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुती सुझुकीने पेट्रोलवरच्या १,८१,७५४ गाड्या तपासणीसाठी बोलावल्या होत्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम ११०अ आणि १ एप्रिल २०२१ पासूनचे नियम सरकारलाही ही सक्ती करू देतात. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांना ते लागू आहेत. याशिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण जुलै २०२० पासून अस्तित्वात आहे. धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आदेश ते देऊ शकते आणि जिल्हाधिकाऱ्यांकडेही अशा चौकशीचे अधिकार आहेत.

सांगलीत या विषयाला पुराचे एक उपांग आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले आणि असंख्य वाहने बुडाली. पाणी शिरलेले इंजिन चालू केल्याने झालेला बिघाड हा उत्पादनातला दोष नव्हे. तो वाद विमा कंपनीशी असतो आणि पॉलिसीत इंजिन संरक्षणाची जोड घेतली होती का यावर बराचसा ठरतो. बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकली गेली तर गोष्ट वेगळी. जुन्या गाड्यांच्या व्यावसायिक विक्रेत्याने ही बाब लपवली तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते आणि त्याच्याविरुद्ध आयोगाकडे जाता येते. १ एप्रिल २०२३ पासून अशा विक्रेत्यांना परिवहन खात्याचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते. शेजाऱ्याकडून किंवा पाहुण्याकडून घेतलेल्या गाडीला मात्र हा कायदा लागू नाही, कारण विकणारा व्यापारी नसतो. तिथे दिवाणी दावा किंवा फसवणुकीची फिर्याद एवढेच उरते.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. ते कारण खरेदीच्या दिवशी घडले की शेवटच्या दुरुस्तीच्या, यावर वाद होतात; म्हणून पहिल्या जॉब कार्डाची तारीख धरून चालणे सुरक्षित. उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून विलंब माफीचा अर्ज करता येतो. शुल्क पाच लाखांपर्यंत काहीच नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४०० आणि पन्नास लाखांपर्यंत १,००० रुपये. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर प्रयत्न केला तर काही प्रकरणे तिथेच मिटतात. जाबदाराला लेखी म्हणणे देण्यासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ही मुदत ओलांडून आयोगालाही सवलत देता येत नाही, असे २०२० मध्ये घटनापीठाने ठरवले. चाचणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली काढावी असे कायदा म्हणतो. हे उद्दिष्ट आहे. कॅलेंडर त्यावर बेतू नये.

जिल्हा आयोगाच्या निकालाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील होते. कोल्हापूरला राज्य आयोगाचे परिक्रमा खंडपीठ असल्याने सांगलीकरांची मुंबईची वारी टळू शकते. कंपनीला अपील करायचे तर आदेशातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश पाळला नाही तर दोन मार्ग : दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे वसुलीची दरखास्त, किंवा कलम ७२ खाली शिक्षेची मागणी, ज्यात एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा २५,००० ते एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. पैसे परत करण्याचा आदेश झाला तर गाडी कंपनीच्या ताब्यात द्यावी लागते. त्याआधी कर्ज फेडून फॉर्म ३५ ने बँकेचा बोजा उतरवावा लागतो आणि हस्तांतराचे फॉर्म २९ व ३० भरावे लागतात. ही कामे कोणी, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने करायची, रस्ता कर व विम्याची रक्कम कोणी सोसायची, हे तक्रारीतील मागणीतच लिहिलेले असावे; तिथे ते राहून गेले तर आदेश हातात पडल्यावरही गाडी आणि पैसे दोन्ही काही काळ अधांतरी राहतात.